पन्नासपैकी तेरा

नाही, नाही, ताई — पाकीट चिकटवू नका! थांबा. तो डिंक खाली ठेवा आधी. हां. एकच मिनिट द्या मला. पाचला निकाल आहेत, बाहेर लोक खुर्च्या पकडून बसलेत, तुम्ही सकाळपासून या टेबलामागून हललेल्या नाहीत, सगळं दिसतंय मला — पण एक कागद, फक्त एकच कागद मला परत हवाय. स्टाऊटचा, म्हणजे काळ्या बिअरचा गट, बाटली नंबर एकशे सत्तेचाळीस. खाली माझी सही आहे, टेबलप्रमुख म्हणून. कोपऱ्यावर काळा गोल डाग पडलाय, पेला ठेवला होता मी त्याच्यावर. तुमच्या त्या डावीकडच्या गठ्ठ्यात असेल — हो, तोच, तोच! बघा, मिळाला पण. द्या इकडे. पाच मिनिटांत नवीन लिहून देतो आणि तुमच्या वाटेतून बाजूला होतो. विशेष काही नाही हो, साधी चूक आहे. सातव्या पेल्याचे गुण आठव्याच्या कागदावर गेले आणि आठव्याचे सातव्याच्या. होतं असं. अकरा पेले समोर मांडलेले, सगळे काळे, सगळ्यांवर तोच तपकिरी फेस, नावं झाकलेली, नुसते नंबर — माणूस आहे, होते गफलत.

आठव्याला किती दिलेत? बघा ना, तुमच्याच हातात आहे. पंधरा? पंधराच? अच्छा. म्हणजे अदलाबदल केली तरी तेराचे पंधरा होणार — खरंय, त्याने काय साधणार. हसू नका ताई. मला खोटं बोलायची सवय नाही, लगेच पकडला जातो, माझी बायको तर मी तोंड उघडायच्या आधीच ओळखते. ठीक आहे. अदलाबदल नाही झाली. खरं काय ते सांगतो. जीभ मेली होती माझी. तुम्ही पिता का बिअर? नाही? इतक्या बाटल्यांवर नंबर चिकटवता आणि एक घोट नाही? बरं. मग ऐका, ही इम्पीरियल स्टाऊट म्हणजे साधी बिअर नव्हे, बिअरमधली पैलवान आहे ही. नेहमीच्या बिअरच्या दुप्पट चढणारी, काळीकुट्ट, दिव्यासमोर पेला धरला तरी पलीकडचं बोट दिसत नाही. बार्लीचे दाणे मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात, ते पार काळे होईस्तोवर भाजायचे — मग ती करपल्यासारखी कडू चव, तिच्यात कॉफी, कडू चॉकलेट, मनुका, आणि घशाखाली उतरली की छातीत शेगडी पेटते. हिला थंडगार प्यायची नसते. पेला तळहातात धरून ऊब द्यायची, वाट बघायची, मग ती हळूहळू उघडते. असले अकरा पेले, ताई! मध्ये मध्ये पाण्याचा घोट आणि बिनमिठाचा पाव, तोंड स्वच्छ करायला. पण सातव्यापर्यंत जिभेचं पायपुसणं झालेलं असतं. असल्या जिभेने दिलेले गुण धरायचे का? तुम्हीच सांगा.

हो, नवव्याला अडतीस दिलेत. दहाव्याला छत्तीस. काय म्हणालात? पाठपोट लिहिलंय, वासाचे सहा प्रकार वेगळे काढलेत — हो, लिहिलंय खरं. मेलेल्या जिभेचा माणूस असं लिहीत नाही. तुम्ही वकील व्हायला हवं होतं, इथे कुठे पाकिटं चिकटवत बसलात? आठव्याचं विचारू नका, आठवा बिचारा फुकट मेला. सातव्याचा राग डोक्यात होता, तो त्याच्यावर निघाला. त्याचंही वाईट वाटतं मला, पण आत्ता मला आठव्याचं बघायला वेळ नाही. आत्ता सातवा. सातवा द्या.

हे खोडलेलं काय आहे ते मला विचारू नका ना. माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या दोन परीक्षकांच्या कागदांवर — हो, दिसतंय, रबराने खोडलंय, खालचा आकडा अजून वाचता येतो. तिने चव्वेचाळीस दिले होते. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई, चष्म्याला दोरी लावलेली. आणि त्या दाढीवाल्याने त्रेचाळीस. तुमचाच नियम आहे ना, आधी कुणी कुणाशी बोलायचं नाही, गुमान लिहायचं, मग कागद उलटे करायचे, आणि तिघांच्या गुणांत सातापेक्षा जास्त फरक निघाला तर बोलून जवळ यायचं. उलटले कागद. चव्वेचाळीस, त्रेचाळीस, तेरा. ती बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी पेल्यात थुंकलोय. म्हणाली, सर, तुम्ही परत एकदा घेऊन बघता का? मला म्हणते! मी तीस वर्षं बिअर करतोय, चौदा वर्षं परीक्षक आहे, मी तिला म्हटलं, बाई, तुम्ही अजून परीक्षानळीतून वास घेता, आम्ही भट्टीवर आयुष्य काढलंय. दाढीवाला तर माझ्याच हाताखाली शिकलेला, तो मान खाली घालून बसला. मी अर्धा तास बोललो. अर्धा तास! काय काय म्हणालो — हा करपटपणा भाजण्याचा नाही, जळण्याचा आहे, ही गोडी चिकट आहे, हे दोष तरुणांना कळत नाहीत, पुढे कळतील. शेवटी दाढीवाल्याने वीस केले. तिने एकोणीस. खोडताना कागद फाटला तिचा जरासा, बघा, तिथे.

का केलं? काय का केलं? … पाणी आहे का तुमच्याकडे? थोडं द्या. हां. धन्यवाद.

सांगतो. सांगितल्यावर तरी द्याल ना कागद? बरं, तसं वचन देऊ नका, नुसतं ऐका. माझा एक धाकटा भाऊ आहे. आमच्या घरामागे शेड होती, तिच्यात आम्ही दोघांनी पहिली भट्टी मांडली. तो पाणी भरायचा, मी ढवळायचो, रात्री-अपरात्री पिंपाला कान लावून बसायचो दोघं, आत बुडबुडे येतायत का म्हणून. आमची स्टाऊट होती एक. तिच्यात एक खोड होती, म्हणजे खुबी म्हणा — माल्टचा पहिला दाट रस निघतो ना, त्यातला थोडा बाजूला काढायचा, छोट्या कढईत आटवायचा, पार तार धरेपर्यंत, आणि उतरवायच्या आधी त्यात धुरावर वाळवलेल्या माल्टची एक मूठ टाकायची. एकच मूठ. आणि मग तो पाक मोठ्या भांड्यात परत. आटवतात खूप जण, पण ती मूठ कोणी टाकत नाही. त्याने एक वास येतो — दूध आटवताना भांड्याच्या कडेला लालसर साय धरते, ती खरवडताना येतो तो वास, आणि त्याच्या मागे अगदी थोडा, विझलेल्या चुलीचा. हा वास जगात दोघांनाच माहीत होता. मी आणि तो. आणि मग एके वर्षी हा पठ्ठ्या मला न विचारता ती स्टाऊट घेऊन स्पर्धेला गेला, पहिला आला, स्टेजवर गेला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, ही माझी बिअर. माझी! मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, ताई. टाळ्या वाजवत होतो. मला वाटलं, आता पुढच्या वाक्यात माझं नाव येईल. नाही आलं. आठ वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. आई गेली तेव्हा खांद्याला खांदा लावून उभे होतो, तेव्हाही नाही.

तर आज सकाळी सातवा पेला नाकाशी नेला आणि — तो वास. साय आणि चूल. माझं रक्तच उकळलं हो. मला पेल्यात त्याचं तोंड दिसायला लागलं, तो माईक धरून उभा. मी घोट घेतला. घेतला म्हणजे काय, घ्यायलाच लागतो. आणि तुम्हाला सांगतो, इथे देवाशपथ खरं सांगतो, असली स्टाऊट मी आजवर प्यायलेलो नाही. आमच्यापेक्षा चांगली होती. आमची जरा आखडू होती, कडवटपणा दाखवत फिरणारी. ही — ही आधी गोड बोलते, मग कडू होते, मग त्या कडूपणाची माफी मागितल्यासारखी शेवटी परत अंजिराची गोडी येते, आणि दारूचा चटका म्हणून नाही, नुसती ऊब. मी पेला खाली ठेवला, तळहात तसाच पेल्याला धरलेला, आणि मनात म्हटलं, हा माणूस माझ्या पुढे गेला. चोरून नेलं आणि वर पुढे पण गेला. आणि पेन घेतलं. वास बारापैकी दोन. चव वीसपैकी पाच. रूपाला तीन दिले पूर्ण, कारण काळ्याला काळं म्हणायलाच लागतं. बाकी मिळून तीन. झाले तेरा.

आणि खाली ते वाक्य. वाचलंत ना तुम्ही? नका वाचू मोठ्याने. मला पाठ आहे. ‘हे करणाऱ्याला नाकच नाही, त्याने दुसरा उद्योग बघावा.’ परीक्षकाने दोष सांगावा, सुधारणा सुचवावी, माणसावर जाऊ नये, हे नवीन पोरांना मीच शिकवतो. आणि मीच लिहिलं. लिहिताना इतकं बरं वाटलं, ताई, इतकं हलकं वाटलं, आठ वर्षांचं काहीतरी मोकळं झालं. मी जेवायला गेलो तर दुप्पट जेवलो.

हो, हो, वाईटच केलं. चूक कबूल. आता कळलं ना, म्हणूनच तर बदलायचंय. नाही, भावाची दया आली म्हणून नाही हो! भावाची असती तर मी इथे आलोच नसतो, खुशाल जाऊ दिले असते तेरा, आणखी एक कमी केला असता —

काय?

काही नाही. काही नाही म्हटलं. असंच म्हणायची पद्धत. भावाचीच आहे, दुसऱ्या कोणाची असणार? …ताई, अशा बघू नका. तुमची ती पेनने टेबलावर टकटक करायची सवय बंद करा आधी, मला विचार सुचत नाही. नावं झाकलेली आहेत, मान्य. यादी तुमच्याकडे कुलपात आहे, मान्य. मग मला कसं कळलं कोणाची नाही ते? — सांगतो ना. सगळं सांगतो. आता राहिलंय काय लपवायचं! जेवण झालं, मी पान-बिन काही खात नाही, बाहेर पायरीवर बसलो होतो, तर बायकोचा फोन. आवाज असा, की काहीतरी पोटात मावत नाहीये हिच्या. म्हणाली, तुम्ही गव्हाच्या बिअरच्या टेबलावर आहात ना? मी म्हटलं, हो. गव्हाच्याच टेबलावर होतो मी, ताई, तुमच्या तक्त्यावर बघा — पण स्टाऊटच्या टेबलप्रमुखाला सर्दी झाली, नाकाला वास येईना, म्हणून सकाळी ऐनवेळी मला इकडे हलवलं. तुम्हीच हलवलंत! बायकोला हे कुठे माहीत? मीही बोललो नाही, कशाला लांबण लावा. तर ती म्हणते, मग सांगायला हरकत नाही, मुंगीने बाटल्या पाठवल्यात. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, पण निकालाआधी मला राहवेना. स्टाऊट पाठवलीय. पावतीवर नंबर आहे, एकशे सत्तेचाळीस, तेवढं बघाल का हो, पडली का उभी राहिली?

मुंगी म्हणजे माझी पोरगी हो! माझी लेक! नाव वेगळं आहे, पण घरात मुंगीच — लहानपणी माल्टचा गोड रस जिथे सांडेल तिथे ही बसलेली, बोट चाटत. स्टुलावर उभी राहून कढई ढवळायची. सहा वर्षांची होती. ती मूठ तिच्याच हातून टाकायचो मी. तिची मूठ लहान, म्हणून दोनदा टाकायला लावायचो आणि ती मोजायची, एक, दोन. आणि मी आज सकाळी मनात शपथेवर म्हणत होतो, जगात दोघांनाच माहीत आहे! विसरलो. स्वतःच्या पोरीला विसरलो. नाक बरोबर चाललं, ताई, नाकाने एक कण चुकवला नाही. डोकं चुकलं.

आणि ते वाक्य तर मी तिला तोंडावर बोललोय. गेल्या वर्षी. ती नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करते म्हणाली, पहिली बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. स्टाऊट नव्हती, दुसरीच काहीतरी, बरी होती, चांगली होती. पण मला भावाचं सगळं उसळून आलं — परत कोणीतरी घरातलं, परत माझ्या भट्टीत शिकणार आणि परत मला मागे टाकून जाणार. मी म्हटलं, तुला नाकच नाही, दुसरं काहीतरी बघ. ती रडली नाही. रडली असती तर मी लगेच माघार घेतली असती. म्हणाली, बाबा, तुम्ही घरचे आहात, तुमचं बरं-वाईट काहीच खरं धरता येत नाही. मी अनोळखी लोकांना विचारीन. ज्यांना माहीतच नाही ही कोणाची, ते जे लिहितील तेच मी खरं मानीन, आणि त्यांनी नाही म्हटलं तर सोडून देईन. तिने आईला तारीख सांगितलीय, ताई. आजची. पुढच्या महिन्यात जुन्या ऑफिसात परत येते का म्हणून विचारलंय त्यांनी, तिने उत्तर राखून ठेवलंय. या पाकिटासाठी. हे तुमच्या हातातलं पाकीट!

माझं अक्षर ओळखेल ती. ओळखो न ओळखो, वाक्य तर ओळखेलच. दोन वेगळ्या माणसांनी एकच म्हटलं असं वाटलं तर गेलीच ती, आणि एकाच माणसाने दोनदा म्हटलंय हे कळलं तर — तर मी गेलो. म्हणून हात जोडतो तुम्हाला. या दोघांचे जुने गुण परत लिहू, मी दोघांची माफी मागतो, सगळ्यांसमोर मागतो. त्या गटात दुसऱ्या कोणी चाळिशी गाठलेली नाही, ती पहिली येते, आणि माझ्या कृपेने नाही, स्वतःच्या जोरावर येते. द्या ना तो कागद. द्या हो ताई!

…हा कुठला कागद काढताय? हा नाही, तो स्टाऊटचा. हा तर — सही माझी आहे. सकाळची. हां, टेबलावर बसण्याआधी सगळ्यांकडून घेता तो. काय लिहिलंय त्यात, मी वाचलंही नाही, दरवर्षीचाच असतो. ‘या गटात माझ्या नात्यातल्या कोणाचीही बाटली नाही.’ हो. मग? सकाळी मला माहीत नव्हतं, म्हणजे मी खोटी सही केली नाही. खाली? खाली काय आहे? ‘असल्याचं आढळल्यास ती बाटली बाद.’

बाद.

नाही हो. बाद कशी? नियम कशासाठी आहे, बापाने पोरीला झुकतं माप देऊ नये म्हणून ना? मी काय झुकतं माप दिलं? तेरा दिलेत! तेरा देणारा बाप तुमच्या नियमात बसतो का? सकाळी तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मग आत्ता असं काय वेगळं झालं? …मी सांगितलं. हो. मी आलो आणि सांगितलं. मी आलोच नसतो तर निदान उभी राहिली असती, शेवटची का होईना.

मग राहू द्या! राहू द्या तेरा, ताई. बदलू नका काही. चिकटवा पाकीट, हा घ्या डिंक, मी धरतो कडा, चिकटवा. मी आलोच नाही इथे. मी तुम्हाला काही बोललो नाही. भावाचीच आहे ती बिअर, मी आधी बोललो तेच खरं, पोरीचं मी रचून सांगितलं — मी लबाड माणूस आहे, बघितलंत ना, आल्या आल्या अदलाबदलीची थाप मारली, तशीच ही थाप! मला पोरगीच नाही! …यादी कशाला उघडताय? नका उघडू. ते कुलूप — ताई, तुम्हालाही कोणी असेल ना घरी? त्यांच्या जागी — नका. नका बघू ते नाव.

…

हो. तेच आडनाव. जुळतंय.

लाल पेनच लागतं का त्याला? मारा. आडवी मारायची रेघ, तिरकी नको, तिरकी बघवत नाही. कारण लिहायलाच लागतं? लिहा मग. ‘परीक्षक नातेवाईक.’ तिला हे कळवणार तुम्ही. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही ऐकलंत ते आता न ऐकल्यासारखं कसं करणार, माझ्याच तोंडाला कुलूप नव्हतं.

हे काय? मला देताय? …अच्छा, बाटली बाद म्हणजे कागदही बाद, पाकिटात घालायचा नाही. दोघांचेही घेऊन जाऊ? द्या. याच्यासाठीच भांडत होतो ना मी तुमच्याशी अर्धा तास. आता काय करू याचं?

फोन वाजतोय, हो, माझाच. ऐकू येतंय मला. तीच आहे. आईने सांगितलं असणार, बाबांना नंबर दिलाय म्हणून. वाजू दे. …नाही, वाजू देऊन कसं चालेल. काय सांगू हिला, ताई? चव्वेचाळीसची होती म्हणू? मी इतकी चांगली कधी प्यायलो नाही म्हणू? आता काहीही म्हटलं तरी ते बापाचं बोलणं. घरच्यांचं खरं धरायचं नाही म्हणून तर तिने हा सगळा खटाटोप केला. तिला ओळखत नसताना मी जे लिहिलं तेच ती खरं मानणार — आणि ते हे आहे. हा कागद. जगात मी तिच्याबद्दल अनोळखी म्हणून एकदाच बोललो, आणि तेव्हा खोटं बोललो.

थांबला. … परत वाजायला लागला.

ताई, तुम्ही जरा बाहेर जाता का? तुमचंच टेबल आहे, माहीत आहे मला, पण जा. पाच वाजायला आलेत, तुमची माणसं वाट बघतायत. दार ओढून घ्या. नाही, फाडत नाही मी हे, फाडायचं असतं तर हातात आल्या आल्या फाडलं असतं. त्या चष्मेवाल्या बाई भेटल्या तर त्यांना आत पाठवा, त्यांचे खरे गुण त्यांच्याच तोंडून हिला — नको. नंतर. आधी मीच बोलतो. जा म्हणतो ना.

हॅलो. हं, मुंगे. नाही, गव्हाच्या टेबलावर नव्हतो मी.